एन्टिटीचा कन्स्ट्रक्टर आणि वन-टू-मेनी नातं: काजूच्या पावतीवरून हायबरनेट नीट समजून घेऊया

गोव्यातल्या सत्तरीत मार्च ते मे काजूचा सीझन, वाळपईला बिया विकायला येणाऱ्या माणसाच्या हातात शेवटी एक पावती पडते. पावतीवर नंबर, तारीख, शेतकऱ्याचं नाव आणि खाली ओळी: सुकी बी इतके किलो, दर इतका, ओलसर बी इतके किलो, दर कमी. एक पावती, अनेक ओळी. जावा शिकणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना मी वन-टू-मेनी समजावतो तेव्हा हेच उदाहरण घेतो, कारण यात सगळे प्रश्न आपोआप येतात. ओळ पावतीशिवाय असू शकत नाही, दर रोज बदलतो पण छापलेल्या पावतीवरचा दर बदलता कामा नये, चुकीची ओळ खोडायची असते, आणि पावती रद्द केली तरी शेतकरी मात्र खात्यात राहतो.

मी इथे जेपीए (जावाचे ऑब्जेक्ट डेटाबेसच्या टेबलात ठेवायचं स्टँडर्ड) आणि हायबरनेट (ते राबवणारी लायब्ररी) धरून लिहितोय, सोबत स्प्रिंग डेटा असेल तरी चालेल. पॅकेजचं नाव जावाएक्स असेल तर तुम्ही जुन्या व्हर्जनवर आहात, जकार्ता असेल तर नव्या (हा बदल २०२० च्या जकार्ता पर्सिस्टन्स ३.० मध्ये झाला), पण खाली सांगितलेलं बहुतेक सगळं दोन्हीकडे सारखंच लागू आहे.

आधी टेबलं

कोड लिहायच्या आधी टेबलं कागदावर काढा. पावती टेबलात आयडी, नंबर, तारीख, शेतकरी आयडी. ओळ टेबलात आयडी, पावती आयडी, प्रत (सुकी बी की ओलसर), वजन, दर. फॉरेन की (दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणारा कॉलम, इथे पावती आयडी) ओळीच्या टेबलात आहे, पावतीच्या टेबलात ओळींबद्दल एक अक्षरही नाही. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढचा अर्धा गोंधळ यानेच सुटतो. दर ओळीतच साठवायचा, दरपत्रकाकडे नुसता बोट दाखवणारा आयडी ठेवलात तर उद्या दर बदलला की कालच्या पावतीची रक्कमही बदलेल आणि शेतकऱ्याच्या हातातला कागद एक सांगेल, तुमचा स्क्रीन दुसरं. वजन आणि दर दोन्हीला बिग-डेसिमल वापरा, डबल पैशासाठी नकोच.

पायरी १: दोन कन्स्ट्रक्टर, दोन कामं

एन्टिटी (टेबलाशी जोडलेला जावा ऑब्जेक्ट) जन्माला एकदाच येते पण डेटाबेसमधून वर हजारदा येते. नवी पावती फाडली जाते तेव्हा तुमचा कोड ती बनवतो, आणि नंतर दरवेळी यादीत, रिपोर्टमध्ये, प्रिंटमध्ये ती हायबरनेट बनवतं. या दोन वेगळ्या घटना आहेत म्हणून कन्स्ट्रक्टरही दोन पाहिजेत.

पहिला तुमचा, पब्लिक. त्यात जे नसेल तर पावती म्हणताच येणार नाही ते सगळं मागायचं: नंबर, तारीख, शेतकरी. एखादं नल आलं तर तिथेच एक्सेप्शन फेकायचं. रिकामी पावती बनवून मग एकामागून एक सेटर मारत बसण्याची जी पद्धत ट्युटोरियलमध्ये दिसते ती मला अजिबात पटत नाही, कारण मधल्या एखाद्या क्षणी अर्धवट पावती मेमरीत असते आणि कोणीतरी कुठेतरी एक सेटर विसरतोच, मग ती चूक थेट डेटाबेसच्या नॉट नल एररमध्ये दिसते, जिथून मूळ जागा शोधायला वेळ जातो.

दुसरा हायबरनेटचा, विनापॅरामीटर, प्रोटेक्टेड, आत कोडची एक ओळही नाही. जेपीएचा नियमच आहे की एन्टिटीला पब्लिक किंवा प्रोटेक्टेड असा विनापॅरामीटर कन्स्ट्रक्टर हवा. जावा कंपायलर तो फुकट देतो, पण तुम्ही स्वतःचा एकही कन्स्ट्रक्टर लिहीपर्यंतच. पहिला लिहिलात की फुकटातला गेला, आणि मग डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर नाही अशी तक्रार येते. बरेच जण इथे घाबरून आपला चांगला कन्स्ट्रक्टरच काढून टाकतात. काढू नका, दुसरा जोडा.

प्रायव्हेट का नको? लेझी लोडिंगसाठी (डेटा लागेल तेव्हाच आणण्यासाठी) हायबरनेट तुमच्या क्लासचा एक सबक्लास चालू प्रोग्रॅममध्येच तयार करतं, त्याला प्रॉक्सी म्हणतात, आणि सबक्लासला वरचा कन्स्ट्रक्टर दिसावा लागतो. याच कारणाने एन्टिटी क्लास फायनल नको, त्याच्या मेथडही फायनल नकोत, आणि म्हणूनच जावाचा रेकॉर्ड एन्टिटी होऊ शकत नाही. कोटलिनवाल्यांनी जेपीए प्लगिन आणि ऑल-ओपन प्लगिन दोन्ही लावून घ्यावेत, कारण तिथे क्लास मुळातच फायनल असतात.

आता महत्त्वाचं. विनापॅरामीटर कन्स्ट्रक्टरमध्ये काम करायचं नाही. समजा कोणी त्यात पुढचा पावती नंबर काउंटरवरून काढला. आता जुनी पावती नुसती उघडली तरी एक नंबर जळतो, यादीत पन्नास पावत्या आल्या तर पन्नास नंबर गेले, प्रॉक्सी बनतानाही तोच कन्स्ट्रक्टर चालतो ते वेगळंच. फील्डसमोर लिहिलेली सुरुवातीची किंमतही दरवेळी चालते आणि मग हायबरनेट तिच्यावर डेटाबेसची किंमत लिहितं, म्हणून तिथे रिकामी लिस्ट ठेवणं ठीक पण नंबर काढणं, वेळ घेणं, लॉग लिहिणं असलं काही नको.

तपासणीचंही तसंच. वजन शून्यापेक्षा जास्त हवं हा नियम तुमच्या कन्स्ट्रक्टरमध्ये असतो, हायबरनेटच्या रस्त्यावर नसतो, आणि ते बरोबरच आहे. उद्या व्यापाऱ्याने ठरवलं की पाच किलोच्या खाली बी घ्यायची नाही, तर नवी ओळ अडली पाहिजे पण गेल्या वर्षीची तीन किलोची ओळ उघडली पाहिजे.

एक छोटी पण दगा देणारी गोष्ट: आयडीचं अॅनोटेशन तुम्ही फील्डवर लावलंय की गेटरवर, यावरून हायबरनेट ठरवतं की किंमती थेट फील्डमध्ये टाकायच्या की सेटरमधून. गेटरवर लावलं तर सेटरमधली सगळी तपासणी लोड होतानाही चालणार. फील्डवर लावा, सरळ काम.

लाँबोक (कन्स्ट्रक्टर, गेटर वगैरे आपोआप लिहून देणारी लायब्ररी) वापरत असाल तर विनापॅरामीटर कन्स्ट्रक्टरचं अॅनोटेशन प्रोटेक्टेड अॅक्सेस देऊन वापरा. डेटा हे अॅनोटेशन मात्र एन्टिटीवर नको, ते का ते पायरी ५ मध्ये येईल.

पायरी २: ओळ पावतीच बनवेल

ओळीच्या क्लासमध्ये पावतीचं फील्ड, त्यावर मेनी-टू-वन, आणि जॉइन-कॉलममध्ये पावती आयडी कॉलमचं नाव, नल चालणार नाही असं सांगून. सोबत फेच लेझी लिहाच, कारण मेनी-टू-वन डिफॉल्टने ईगर (लगेच आणणारं) असतं आणि वन-टू-मेनी डिफॉल्टने लेझी. हे उलटसुलट का ठेवलं यावर वाद घालता येईल पण लक्षात ठेवायला एवढं पुरे: मेनी-टू-वन दिसलं की हाताने लेझी लिहायचं.

ओळीचा कन्स्ट्रक्टर पब्लिक ठेवू नका, पॅकेजपुरता ठेवा. तो पावती, प्रत, वजन, दर मागेल. बाहेरच्या कोडला ओळ बनवताच येणार नाही, त्याने पावतीच्या ओळ-वाढव मेथडला प्रत, वजन आणि दर द्यायचा, ती मेथड आतल्या आत नवी ओळ बनवते, स्वतःला तिची पावती म्हणून देते आणि स्वतःच्या लिस्टमध्ये टाकते. दोन्ही बाजू एका जागी जुळल्या. मला विचाराल तर सगळ्या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे, कारण पुढे ज्या तक्रारी घेऊन लोक येतात (ओळ सेव्ह झाली पण पावती आयडी रिकामा, लिस्टमध्ये दिसते पण रिफ्रेश केल्यावर गायब) त्यातल्या बहुतेक एक बाजू जोडायची राहिली म्हणून होतात.

ओळ-काढ मेथडही तशीच: लिस्टमधून काढायची आणि ओळीतलं पावतीचं फील्ड नल करायचं.

पायरी ३: मॅप्ड-बाय म्हणजे कॉलम कोणाचा

पावतीच्या क्लासमध्ये ओळींची लिस्ट, तिच्यावर वन-टू-मेनी आणि त्यात मॅप्ड-बाय. मॅप्ड-बायमध्ये ओळीच्या क्लासमधल्या फील्डचं नाव येतं, डेटाबेसच्या कॉलमचं नाही, हे दहातल्या निम्म्यांचं चुकतं.

बोलीभाषेत आपण पावतीला मालक म्हणू, ओळी तिच्या. पण हायबरनेटच्या दृष्टीने नात्याची मालक ओळ आहे, कारण फॉरेन की तिच्या टेबलात आहे. मॅप्ड-बायचा अर्थ एवढाच की या लिस्टकडे बघून कॉलम लिहू नकोस, तिकडच्या फील्डकडे बघून लिही. म्हणून नुसतं लिस्टमध्ये टाकून ओळीत पावती सेट केली नाही तर कॉलममध्ये काहीच जात नाही, आणि हायबरनेटची त्यात काही चूक नसते.

मॅप्ड-बाय विसरलात आणि जॉइन-कॉलमही नाही, तर हायबरनेट समजतं की नातं तिसऱ्या टेबलात आहे. टेबलं आपोआप बनवायचं सेटिंग चालू असेल तर डेटाबेसमध्ये पावती आणि ओळ अशा जोडनावाचं एक न मागितलेलं टेबल उगवतं. ते दिसलं की पहिला संशय मॅप्ड-बायवरच घ्या.

ओळीच्या बाजूला काहीच न लिहिता फक्त पावतीच्या बाजूला वन-टू-मेनी आणि जॉइन-कॉलम असंही चालतं, पण महाग पडतं: आधी ओळ इन्सर्ट होते, मग पावती आयडी भरायला वेगळं अपडेट जातं. कॉलम डेटाबेसमध्ये नॉट नल असेल आणि मॅपिंगमध्ये ते सांगितलेलं नसेल तर पहिलं इन्सर्टच फुटतं. दोन्ही बाजू लिहा, कोडच्या दोन ओळी जास्त पण डोक्याला शांती.

पायरी ४: लिस्ट बदलायची नाही, लिस्टमध्ये बदल करायचा

लिस्टचा टाइप लिस्ट हा इंटरफेसच ठेवा, अॅरे-लिस्ट नको, कारण पावती सेव्ह झाल्यावर हायबरनेट तुमची अॅरे-लिस्ट काढून तिथे स्वतःचं कलेक्शन बसवतं. त्याच कलेक्शनवरून त्याला कळतं की काय वाढलं, काय गेलं. फील्डसमोरच रिकामी लिस्ट द्या म्हणजे दोन्ही कन्स्ट्रक्टरला ती मिळते. सेटर देऊ नका. गेटर द्यायचाच तर न बदलता येणारी प्रत परत करा, म्हणजे कोणी बाहेरून ओळ-वाढवला वळसा घालून लिस्टमध्ये काही टाकू शकणार नाही.

कॅस्केड ऑल आणि ऑर्फन-रिमूव्हल ट्रू हे दोन्ही पावती आणि ओळीच्या नात्यावर बरोबर बसतात. कॅस्केडमुळे पावती सेव्ह केली की ओळी सेव्ह होतात, ऑर्फन-रिमूव्हलमुळे लिस्टमधून काढलेली ओळ डेटाबेसमधूनही डिलीट होते. ऑर्फन-रिमूव्हल चालू असताना जुन्या लिस्टच्या जागी नवी लिस्ट ठेवलीत तर हायबरनेट एक्सेप्शन टाकतं की ऑल-डिलीट-ऑर्फन असलेल्या कलेक्शनकडे मालक एन्टिटी (इथे मालक म्हणजे पावती) आता बघतच नाहीये. हे एक्सेप्शन बहुतेक वेळा फ्रंटएन्डचं जेसन थेट एन्टिटीत ओतल्यामुळे येतं. जेसनसाठी वेगळा जावा रेकॉर्ड ठेवा, तो वाचा, आणि पावतीच्या मेथड वापरून बदल करा.

पण हीच दोन सेटिंग शेतकरी आणि पावत्यांच्या नात्यावर चिकटवू नका. शेतकऱ्याचं खातं काढलं म्हणून त्याच्या सगळ्या जुन्या पावत्या उडाल्या तर हिशोब कुठे शोधायचा? आणि ओळीच्या मेनी-टू-वनवर कॅस्केड रिमूव्ह तर कधीच नको, एक ओळ डिलीट करायला जाल आणि तिच्यासोबत पावती जाईल, पावतीसोबत बाकीच्या ओळी.

अजून एक, हे फारसं कोणी सांगत नाही. फ्लशच्या वेळी (मेमरीतले बदल डेटाबेसकडे पाठवताना) हायबरनेट आधी इन्सर्ट चालवतं, मग अपडेट, आणि एन्टिटीचे डिलीट शेवटी. तुम्ही टेबलावर असं युनिक बंधन घातलंय की एका पावतीत एक प्रत एकदाच, आणि वजन दुरुस्त करायला सुकी बीची ओळ काढून नवी सुकी बीची ओळ घातली. कोडमध्ये क्रम बरोबर, पण डेटाबेसकडे नवी ओळ आधी जाते आणि युनिक बंधन मोडतं. उपाय साधा आहे, ओळ काढून घालण्याऐवजी ओळीला वजन-दुरुस्त अशी मेथड द्या. ते जमतच नसेल तर मध्ये हाताने फ्लश करा.

ट्रान्झॅक्शनमध्ये पावती लोड केली आणि ओळ वाढवली तर शेवटी सेव्ह पुन्हा बोलवायची गरज नाही, हायबरनेट बदल स्वतः ओळखतं. आणि काउंटरवर दोघं एकाच वेळी एकच पावती उघडत असतील तर व्हर्जन फील्ड (दर बदलाला वाढणारा आकडा, ज्यावरून दुसऱ्याने आधीच बदल केलाय ते कळतं) लावा, पण ध्यानात घ्या की मॅप्ड-बायवाल्या लिस्टमध्ये नुसती ओळ वाढली तर पावतीचं व्हर्जन वाढत नाही. वाढवायला हवं असेल तर पावती फोर्स-इन्क्रिमेंट लॉकने उघडायची.

पायरी ५: इक्वल्स, हॅशकोड, टू-स्ट्रिंग

लाँबोकचं डेटा अॅनोटेशन या तिन्ही मेथडमध्ये सगळी फील्ड घेतं. पावतीची टू-स्ट्रिंग ओळींना बोलावते, ओळीची टू-स्ट्रिंग पावतीला, आणि स्टॅक ओव्हरफ्लो. शिवाय एक साधा लॉग लिहिला म्हणून सगळ्या लेझी ओळी डेटाबेसमधून ओढल्या जातात. जेसन बनवतानाही हेच चक्र लागतं, तिथेही उपाय वेगळ्या रेकॉर्डचाच.

हॅशकोडमध्ये आयडी घेतलात तर सेव्ह होण्याआधी आयडी नल असतो, सेव्ह झाल्यावर येतो, म्हणजे हॅश-सेटमध्ये टाकलेली ओळ नंतर त्याच सेटमध्ये सापडत नाही. पावतीला नंबर जन्मापासून आहे आणि बदलत नाही, तर तिथे नंबरवर तुलना करा. ओळीला तसं काही नाही, तिथे आयडी नल नसेल आणि दोघांचा सारखा असेल तरच इक्वल, आणि हॅशकोड सगळ्या ओळींसाठी एकच ठरलेला आकडा. एका पावतीत ओळी असतात किती, वेगाला काही फरक पडत नाही.

इक्वल्समध्ये दुसऱ्या ऑब्जेक्टचं फील्ड थेट वाचू नका, गेटर बोलवा, कारण तो प्रॉक्सी असेल तर फील्ड नल दिसेल. तसंच गेट-क्लासने तुलना केली तर प्रॉक्सीचा क्लास वेगळा निघतो, म्हणून इन्स्टन्स-ऑफ.

पायरी ६: वाचताना किती क्वेरी जातात ते मोजा

दिवसभराच्या साठ पावत्यांची यादी काढली आणि प्रत्येकीची रक्कम ओळींवरून जुळवली, तर एक क्वेरी यादीची आणि साठ ओळींच्या. अॅप्लिकेशन वाळपईच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर आणि डेटाबेस मुंबईच्या सर्व्हरवर असेल तर प्रत्येक क्वेरी म्हणजे जाऊन येऊन एक फेरी, पावसात नेट मंद झालं की स्क्रीन उघडेपर्यंत गिऱ्हाईक ताटकळतं.

लिस्टला ईगर करून हे सुटत नाही, उलट जिथे ओळी नको आहेत तिथेही त्या येतात. ज्या क्वेरीला ओळी हव्यात तिच्यातच जॉइन फेच लिहा किंवा एन्टिटी ग्राफ (सोबत काय काय आणायचं त्याची यादी) द्या. हायबरनेट ५ मध्ये जॉइन फेचसोबत डिस्टिंक्ट लिहावं लागायचं नाहीतर पावत्या डुप्लिकेट यायच्या, हायबरनेट ६ ते स्वतः करतं.

जॉइन फेच आणि पेजिंग एकत्र मात्र करू नका. डेटाबेसला वीस पावत्या हव्यात की वीस ओळी हे सांगता येत नाही, म्हणून हायबरनेट सगळं मेमरीत आणतं आणि तिथे वीस मोजतं, लॉगमध्ये फक्त एक वॉर्निंग टाकून. अशा वेळी आधी पेजपुरते पावती आयडी आणा, मग त्या आयडींसाठी जॉइन फेच. किंवा डिफॉल्ट बॅच फेच साइझ (एका क्वेरीत किती पावत्यांच्या ओळी आणायच्या) पन्नासच्या आसपास ठेवा, मग साठ ओळी-क्वेरींच्या जागी दोन जातात. आणि नुसती रक्कमच दाखवायची असेल तर एन्टिटी आणायचीच कशाला, बेरीज डेटाबेसमध्ये करून थेट रेकॉर्डमध्ये घ्या.

पावतीवर ओळींसोबत कपातींचीही लिस्ट असेल आणि दोन्ही एकाच क्वेरीत जॉइन फेच केल्या तर मल्टिपल बॅग फेच एक्सेप्शन येतं. एकीला सेट केलं की एक्सेप्शन जातं पण ओळी गुणिले कपाती एवढा डेटा तरी येतोच, म्हणून दोन क्वेरी बऱ्या. लिस्टचा एक फायदाही आहे, मॅप्ड-बायवाल्या लिस्टमध्ये ओळ वाढवताना हायबरनेट जुन्या ओळी आणत नाही, सेटला मात्र डुप्लिकेट तपासायला त्या आणाव्या लागतात.

सेशन (हायबरनेटचं डेटाबेससोबतचं चालू काम) बंद झाल्यावर लिस्टला हात लावला की लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन. स्प्रिंग बूटमध्ये ओपन-इन-व्ह्यू (उत्तर तयार होईपर्यंत सेशन उघडं ठेवणारं सेटिंग) डिफॉल्टने चालू असतं म्हणून ते दिसत नाही, पण क्वेरी मग पान किंवा जेसन बनवताना कुठूनही सुटतात. मी नव्या प्रोजेक्टमध्ये ते पहिल्याच दिवशी बंद करायला सांगतो, कारण मग कुठे काय लागतं ते सर्व्हिसमध्येच ठरवावं लागतं.

पायरी ७: टेस्ट

टेस्टमध्ये पावती बनवा, दोन ओळी वाढवा, सेव्ह करा, आणि मग फ्लश व क्लिअर करा. क्लिअर विसरलात तर पुढचं फाइंड तुम्हाला मेमरीतलं तेच ऑब्जेक्ट परत देतं आणि मॅपिंग चुकलेलं असूनही टेस्ट हिरवी होते. क्लिअरनंतर पुन्हा लोड करून बघा: दोन ओळी आल्या का, प्रत्येकीची पावती तीच आहे का. मग एक ओळ काढा, परत फ्लश-क्लिअर, ओळ टेबलातून गेली का ते थेट एसक्यूएलने मोजा. तिसरी टेस्ट शेतकरी डिलीट करायची, पावत्या असताना ते अडायला हवं.

चौथी टेस्ट यादीची. हायबरनेटचं स्टॅटिस्टिक्स सेटिंग चालू करा, यादी काढायच्या आधी आकडे क्लिअर करा आणि नंतर प्रिपेअर स्टेटमेंट काउंट वाचा. एकदा दोन पावत्या टाकून, एकदा वीस टाकून. जॉइन फेच नीट बसलं असेल तर दोन्ही वेळा आकडा एकच येतो, आणि वीसला तो वाढला तर एसक्यूएलचा लॉग उघडून कुठली लिस्ट एकेक करून लोड होतेय ते शोधायचं.